पहिली झाडांची टाकी: अ‍ॅक्वासॉइल की बारीक खडी?

अ‍ॅक्वासॉइल म्हणजे माशांच्या टाकीत झाडं लावायला तळाशी घालायचे भाजलेल्या मातीचे खतयुक्त दाणे. क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतींची मुळं त्यात झपाट्याने पसरतात. पण सुरुवातीचे काही आठवडे त्यातून अमोनिया सुटतो. पाणी सारखं बदलावं लागतं. मासे सोडायची घाई केली तर ते दगावतात, आणि हे फार वाईट वाटतं.

खडी स्वस्त आणि टिकाऊ, खत मात्र शून्य. मुळांशी खताच्या गोळ्या खोचाव्या लागतात. अनुबियास, जावा फर्न घेतलंत तर तेही नको. त्यांचा आडवा जाड कंद दोऱ्याने लाकडाला बांधा. खडीत पुरला की कुजतो.

पहिल्या टाकीला मी खडीच सांगेन, दोन-तीन मिलिमीटरची. आणताना तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा: फेस आला तर तीत चुना आहे, घेऊ नका.