सीताफळ, डाळिंब, मोसंबी : सोलण्याची कोणती रीत केव्हा बरी

भाद्रपद-आश्विनात बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे बीड, धारूर, अंबाजोगाईच्या बाजारात येऊ लागली की त्यांचा गर काढण्याच्या तीन-चार रीती घरोघर सुरू होतात आणि प्रत्येक घराला आपलीच रीत खरी वाटते. वास्तविक यांतली कोणतीही रीत सर्व कामांना सारखी चालत नाही. किती वेळ वाचतो, यापेक्षा त्या गराचे पुढे काय करायचे आहे आणि बी अखंड राहते की नाही, या दोन गोष्टी पाहून निवड केलेली बरी.

मिक्सरची रीत सर्वांत झटपट असली तरी सर्वांत जोखमीचीही तीच आहे. सीताफळाची बी कठीण असल्यामुळे एखाद-दुसऱ्या हलक्या फेऱ्यात ती सहसा फुटत नाही. पण हात थोडा लांबला की तिचे तुकडे गरात मिसळतात, गर कडवट होतो आणि ते तुकडे नंतर वेचून काढता येत नाहीत. प्रश्न केवळ चवीचा नाही, कारण या बियांत विषारी घटक असतात. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून उवांसाठी ती डोक्याला लावण्याचा जुना उपायही टाळलेलाच बरा.

पुरणाची चाळणी याच्या अगदी उलट आहे. चाळणी पातेल्यावर ठेवून त्यात चमच्याने गर काढावा आणि वाटीच्या बुडाने किंवा हाताने हलकेच फिरवावा, म्हणजे गर खाली उतरतो आणि काळ्याभोर, गुळगुळीत बिया वर राहतात. छिद्रे बारीक असली तर गर वरच अडकतो, म्हणून मोठ्या छिद्रांची आणि स्टीलचीच चाळणी घ्यावी. लोखंडाच्या संपर्काने गर अधिक लवकर काळवंडतो. दांडा फिरवायचे पुरणयंत्र मात्र या कामाला मला योग्य वाटत नाही, कारण त्याच्या पात्याखाली बिया अडकतात आणि दांडा जोराने फिरवण्याचा मोह आवरत नाही.

चाळणीतून आलेला गर एकजीव असतो. आइस्क्रीमला किंवा मिल्कशेकला तो उत्तम, परंतु बासुंदीत सीताफळाचा जो रवाळपणा जिभेला लागायला हवा, तो यात उरत नाही. बासुंदी किंवा रबडी करायची असेल तर रवीची रीत निवडावी. खोलगट पातेल्यात गर आणि थोडे थंड दूध घेऊन लाकडी रवी सावकाश घुसळली की बिया सुट्या होतात, पण सालीलगतचे गोड, दाणेदार कण शाबूत राहतात. मग झाऱ्याने बिया काढून घ्याव्यात. वेळ चाळणीपेक्षा अधिक लागतो आणि दोन-चार बिया तरीही राहून जातात, त्यामुळे लहान मुलांच्या वाटीत वाढण्यापूर्वी एकदा नजर घालावी. हा गर आटवलेले दूध पूर्ण निवल्यावरच घालावा, कारण उकळीत सीताफळ कडवट होते. फ्रीझरमध्ये ठेवायच्या गराला लिंबाचे चार थेंब लावले तर तो कमी काळा पडतो. पण तोच गर पुढे दुधात जाणार असेल तर लिंबू वगळून साखरेवर भागवावे, नाहीतर दूध नासेल.

रीत कोणतीही असो, सालीवरचे फुगीर डोळे उघडून त्यांमधल्या खाचा पिवळसर दिसू लागलेले, बोटाने दबणारे फळच घ्यावे. कच्च्या फळाचा गर बीला सोडत नाही. ज्यांना मुळात बियांचाच कंटाळा आहे, त्यांना कमी बियांचे, भरपूर गराचे ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण सोयीचे पडेल, मात्र डोंगरातल्या लहान फळाचा गोडवा त्याला नाही, असे माझे मत आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात मला तरी नवल वाटले नाही.

डाळिंबाच्या बाबतीत निवड दोनच रीतींत आहे. अर्धे कापलेले फळ तळहातावर पालथे धरून पळीने ठोकले तर दाणे भराभर पडतात, पण काही फुटतात, रस उडतो आणि त्याचे डाग सहजी निघत नाहीत. फळाची टोपी कापून, सालीवर दिसणाऱ्या कंगोऱ्यांवर सुरीने उभ्या चिरा देऊन ते पाण्याच्या भांड्यात उकलले तर दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो आणि कपडे वाचतात. हे दाणे कोरडे करूनच डब्यात भरावेत, नाहीतर लवकर खराब होतात. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या भागात भांड्यातले पाणी कुंडीला जाईल हे वेगळे सांगायला नको. लगेच खायचे असेल तर ठोकावे, डब्यासाठी किंवा दहीभातासाठी हवे असेल तर पाण्यात उकलावे.

जालन्याच्या मोसंबीची साल संत्र्यासारखी सुटत नाही. फाकी खायच्या असतील तर दोन्ही टोके कापून, फळ उभे ठेवून सुरीने साल वरून खाली उतरवावी. रसासाठी अर्धे कापून हाताने दाबायचे यंत्र वापरावे. मिक्सरमध्ये बिया आणि पांढरे पापुद्रे भरडले जाऊन रस कडू होतो. दाबून काढलेला रससुद्धा ठेवल्यावर कडवट होत जातो, म्हणून सकाळी काढून दुपारी पिण्याचा बेत नको.

महाशिवरात्रीच्या कवठाला सुरी लावूच नये. ओट्यावर मधोमध वरवंट्याचा एक नेमका घाव घालून ते फोडावे आणि गर चमच्याने खरवडावा. त्याच्या बारीक बिया गरासकट खाल्ल्या जातात, त्यामुळे चटणीसाठी तो मिक्सरमध्ये गुळासोबत खुशाल फिरवावा.