टूलची झीज: स्पिंडल लोड की अकूस्टिक सेन्सर?
स्पिंडल लोड, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरवरचा भार, सीएनसी मशीनच्या कंट्रोलरमध्येच मिळतो, वेगळी वायर ओढावी लागत नाही. नव्या इन्सर्टवर (टूलवरचा बदलता येणारा कापणारा तुकडा) पाच-सहा जॉब काढा, हवेत फिरतानाचा लोड वजा करा, मगच लोड किती वाढला की टूल झिजलं समजायचं, ती मर्यादा ठरवा. 50 मिमी फेस मिलला (सपाट पृष्ठभाग कापणारं टूल) एवढं पुरतं. पण मोठ्या स्पिंडलवर 2 मिमीचं ड्रिल तुटलं तरी आकडा जेमतेम हलतो. तिथे अकूस्टिक एमिशन सेन्सरच हवा. कापताना धातूतून जाणाऱ्या, साधारण 100 किलोहर्ट्झच्या वरच्या लहरी तो पकडतो. कड चिरली की सिग्नल उसळतो. मात्र तो कटिंगच्या जवळ, साफ सपाट जागी, ग्रीसचा पातळ थर देऊन घट्ट बसवा; मध्ये सैल सांधा आला की सिग्नल मरतो. चिप अडकली तरीही उसळी येते, म्हणून इन्सर्टचा फ्लँक (कडेखालची, जॉबला घासणारी बाजू) भिंगाखाली बघाच. कार्बाइडच्या इन्सर्टवर फ्लँकची सरासरी झीज 0.3 मिमी झाली, की कड बदला.