ओरिजिनल विंडोज परत मिळवून देणारं टिळक रोडचं दुकान

दुरुस्तीला लॅपटॉप टाकताना समोरचा माणूस आधी काय विचारतो, ते मी बघते. इथे पहिला प्रश्न आला, "ताई, डेटाचा बॅकअप आहे का?" मी घरून डीटीपी करते, पेठांमधल्या प्रकाशकांची पुस्तकं आणि दिवाळी अंक. प्रूफं अर्धी लागलेली पुस्तकं त्या लॅपटॉपमध्ये होती, त्यामुळे या एका प्रश्नानेच मला धीर आला.

लॅपटॉप एचपीचा, आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. घेतानाच त्यात विंडोज १० होम सिंगल लँग्वेज होती, म्हणजे तिचे पैसे किमतीतच भरलेले. पुढे हार्डडिस्क फार संथ झाली म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवून घेतली. तिथे मला न विचारता विंडोजची क्रॅक केलेली, म्हणजे बेकायदा, 'प्रो' आवृत्ती टाकून दिली. काही महिन्यांत स्क्रीनच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' यायला लागलं. मूळची विंडोज परत आणावी म्हटलं, तर चालू करताना एफ-११ दाबून रिकव्हरी (मूळची सिस्टिम परत बसवायची सोय) उघडेना, आणि सेटिंगमधून रिसेट केलं की अडचण आली, काहीही बदललेलं नाही, एवढाच संदेश. त्याच ठिकाणी विचारलं तर उत्तर मिळालं, "लायसन्स संपलं तुमचं, नवीन घ्यावं लागेल." हे साफ खोटं होतं, आणि रोज असं ऐकून किती जण पैसे भरत असतील याचा मला खरोखर राग येतो.

टिळक रोडच्या या दुकानातल्या दादांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि एक ओळीची कमांड दिली. खाली २५ अक्षरांची की, म्हणजे विंडोजच्या लायसन्सचा क्रमांक, आली. विंडोज ८ पासून बहुतेक कंपन्या ही की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच ठेवतात, त्यामुळे डिस्क बदलली तरी ती जात नाही. "ही तुमचीच आहे," ते म्हणाले. फक्त ती होम सिंगल लँग्वेजची, म्हणून 'प्रो'वर चालत नव्हती. रिकव्हरीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो वेगळा भाग, राहिलं होतं जुन्या हार्डडिस्कवर, मग एफ-११ ने उघडणार काय? शिवाय आधीच्या माणसाने बायॉस (लॅपटॉप चालू करणारी मूळ सेटिंग) लेगसी, म्हणजे जुन्या मोडला नेऊन एसएसडी एमबीआर या जुन्या मांडणीने लावली होती.

जुनी डिस्क मी कपाटात जपून ठेवली होती, ती नेली. बाहेरून जोडायच्या केसमध्ये घालून जोडल्यावर रिकव्हरीचं पार्टिशन दिसलं, पण तपासणीत बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले भाग, बरेच निघाले. त्यावरून सिस्टिम उचलायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. अर्ध्यात अडकली तर वेळ फुकट जाईल म्हणाले. मग माझ्या एक्स्टर्नल डिस्कवर सगळा डेटा काढला. फाइली आल्यात असं नुसतं सांगून ते थांबले नाहीत. मला खुर्ची दिली आणि हव्या त्या फाइली स्वतः उघडून बघायला लावल्या. एका पुस्तकाचे फॉन्ट दिसत नव्हते, तर फॉन्टचं फोल्डर वेगळं कॉपी केलं. एसएसडीला हात लावला तो त्यानंतरच.

पुढचं काम भराभर झालं. लेगसी बंद करून यूईएफआय हा नवा मोड, सुरक्षेसाठीचं सिक्युअर बूट चालू, एसएसडी पुसून जीपीटी ही नवी मांडणी, आणि मायक्रोसॉफ्टच्याच मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला पेनड्राइव्ह. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि या लॅपटॉपला ११ चालते, हे सांगून निर्णय माझ्यावर सोडला. मी ११ घेतली. इन्स्टॉल होताना कीसुद्धा मागितली नाही, चिपमधली वाचून होम सिंगल लँग्वेजच बसली. वायफाय जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स दिसलं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊ शकते, म्हणून अकाउंटमधली ४८ आकडी रिकव्हरी की लगेच छापून माझ्या हातात दिली. हे मला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

बिल ९०० रुपये, त्यावर काय काय केलं ते लिहिलेलं, लायसन्सचा एक पैसाही नाही.

एक तारा कमी देतेय तो फोनसाठी. काम चालू असताना फोन उचलत नाहीत आणि तयार झाल्याचंही आपणहून कळवत नाहीत. हातात छपाईची तारीख असेल तर जीव टांगणीला लागतो. जाताना चार्जर न्या, आणि कधी डिस्क बदलली असेल तर जुनीही न्या. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे. डेस्कटॉपचा कॅबिनेट असेल तर खालून हाक मारा, तिथला मुलगा येऊन वर नेतो.