बारा व्होल्टच्या स्टिकरखाली चोवीस

माझी माशांची टाकी लहान आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकीच उंच, म्हणजे सुमारे ५४ लिटरची. नागपूरच्या उन्हाळ्यात तिचे पाणी आटोक्यात राहावे म्हणून काठावर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे तोंड करून, १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे मी तीन वर्षांपूर्वी बसवले होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे पंखे उपयोगी पडतात. वाऱ्याने बाष्पीभवन वाढते आणि वाफ होणारे पाणी उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. यंदाच्या मे महिन्यात एक पंखा बंद पडला, दुसरा खडखडू लागला, आणि बदली पंखे घेताना मी फसलो.

दुकानदार म्हणाला, "काकाजी, तो माल आता येत नाही. हे जपानी घ्या, डबल बॉल बेअरिंगचे, पाच वर्षं बघायचं काम नाही." त्याने काउंटरखालून आलेल्या वायरीला पंखा जोडून दाखवला, तेव्हा समोरच्या पावत्या उडाल्या. दोन पंख्यांचे १,७०० रुपये मी मुकाट्याने दिले. पावतीवर त्याने फक्त "फॅन, २ नग" एवढेच लिहिले, आणि मीही ते वाचून घडी करून खिशात घातले.

घरी तेच पंखे जेमतेम झुळूक देत होते. दुपारी पाणी ३३ अंशांवर गेले, निऑन टेट्रा पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेऊ लागले, कारण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे मेलेले आढळले. तरीही मला पंख्यांचा संशय आला नाही. झाकणामुळे वाफ कोंडत असेल म्हणून ते काढले, पंख्यांचा कोन बदलला; खोलीतल्या कूलरने हवा दमट होते आणि दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, हे ठाऊक असल्यामुळे एक दिवस कूलरसुद्धा बंद ठेवला. घरच्यांनी त्याबद्दल जे ऐकवले ते येथे लिहीत नाही.

दुकानदाराला फोन केला तर त्याचे निदान तयार होते: "अडॅप्टर कमजोर आहे, दोन अँपिअरचा लावा." तो ४५० रुपयांचा अडॅप्टरही मी आणला. वास्तविक अडॅप्टरवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती प्रवाह पुरवू शकतो याची मर्यादा असते. पंखा त्याला लागतो तेवढाच प्रवाह घेतो, त्यामुळे व्होल्ट तेच असतील तर मोठ्या अडॅप्टरने तो अधिक जोरात फिरत नाही. हे मला माहीत असूनही मरणाऱ्या माशांकडे पाहून मी पैसे मोजले, याची आजही लाज वाटते.

शेवटी मल्टिमीटर काढला. अडॅप्टर चालू पंख्यावर १२.१ व्होल्ट देत होता, म्हणजे तो निर्दोष होता. स्टिकरवर ०.३० अँपिअर छापलेले असताना पंखा मात्र ०.०७ अँपिअरच घेत होता. टाकीच्या वाफेने त्या स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. नखाने तो ओढला तर खाली दुसरे, मूळचे, पिवळट पडलेले लेबल निघाले. त्यावर २४ व्होल्ट आणि ०.१५ अँपिअर असे स्पष्ट छापलेले होते. पात्यांच्या मुळाशी कापडाने पुसूनही न निघालेली काळी धूळ होती, म्हणजे माल कुठल्यातरी जुन्या यंत्रातून काढलेला असणार. खात्रीसाठी घरातल्या जुन्या पाणी शुद्धीकरण यंत्राचा २४ व्होल्टचा अडॅप्टर जोडला आणि पंखा दुकानात फिरला होता तसाच जोरात फिरला. काउंटरखालच्या वायरीत किती व्होल्ट होते, हे मग विचारावे लागले नाही.

पंखे, अडॅप्टर आणि मल्टिमीटर घेऊन मी दुकानात गेलो. "स्टिकर तुम्हीच खरडलं असेल," असे उत्तर मिळाले, आणि पावतीवर व्होल्टचा उल्लेख नसल्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. बऱ्याच वादानंतर त्याने अडॅप्टरचे ४५० रुपये परत केले, पंख्यांचे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे.

असा पंखा घ्यायचा असेल तर घरचा अडॅप्टर सोबत न्यावा आणि पंखा त्याच्यावरच चालवून पाहावा. स्टिकरच्या कडेवरून नख फिरवून खाली आणखी एक थर लागतो का ते तपासावे, आणि व्होल्ट, अँपिअर व बेअरिंगचा प्रकार पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. दुकानदार लिहायला कुरकुरला तर पंखा तिथेच ठेवावा.

सध्या ते दोन्ही पंखे शुद्धीकरण यंत्राच्या त्या अडॅप्टरवरच चालतात. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडेल. दुपारी पाणी २९ अंशांच्या आसपास राहते आणि रोज लिटरभर आटते. ती भर शुद्ध पाण्यानेच घालतो, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वाफेबरोबर उडून न जाता टाकीत साठत जातात. दोनांपैकी एका पंख्याचे ते "डबल बॉल बेअरिंग" गेल्या आठवड्यापासून रात्री किरकिरू लागले आहे.