युटाच्या लाल कातळातल्या वाटा: पुन्हा चालाव्यात अशा आणि एकदाच पुरे अशा

मी नाशिकची. तीस वर्षं रविवार सुटला की रतनगड, हरिहर, अलंग-मदन, नाहीतर घरामागचा पांडवलेण्याचा डोंगर, असंच चाललंय. आता साठी जवळ आलीय, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधावा लागतो, पण वाटेची ओढ कमी झालेली नाही. लेक अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत असते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तिच्याकडे गेले तेव्हा ती आणि जावई मला नऊ दिवस युटाच्या लाल खडकांत घेऊन गेले. मोआब, कॅपिटल रीफ, ब्राइस कॅनियन, झायन आणि परत घरी, असा फेरा. लेकीने आधीच सांगितलं होतं, "आई, यादी मी केलीय, पण कुठे थांबायचं ते तू ठरव." ते मनापासून ठरवलं, आणि जे वाटलं ते इथे लिहितेय.

वाट चांगली की नाही हे मी माथ्यावरून ठरवत नाही. चालताना ती काय काय दाखवते आणि शेवट किती वेळ राखून ठेवते, ते बघते. या कसोटीवर पहिला नंबर मोआबजवळच्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीच्या वाटेचा, आणि तो कुणी हलवू शकेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे डोंगराला आरपार भोक असलं की त्याला नेढं म्हणतात. राजगडचं नेढं, रतनगडचं नेढं. रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या माणसाला आर्चेस नॅशनल पार्क म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता येतं: एकाच पार्कात दोन हजारांहून जास्त नेढी. पण रतनगडाचं नेढं खालच्या गावांतून, लांबूनसुद्धा दिसतं. ते बघत बघत चढायचं असतं. डेलिकेट आर्चचं तसं नाही. शेवटच्या वळणापर्यंत ती दिसतच नाही.

आम्ही सातच्या आत गेटातून शिरलो, कारण त्या मोसमात सातनंतर आधी वेळ राखून ठेवल्याशिवाय सोडत नव्हते. (हे नियम वर्षागणिक बदलतात, जाण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघाच.) वाट वुल्फ रँचपासून निघते. तिथे १९०६ सालची एक लाकडी खोपटी अजून उभी आहे, आपल्या गुरवाच्या घराएवढीसुद्धा नाही. एवढ्याशा घरात त्या उजाड जागी एक कुटुंब राहिलं, या विचाराने मी उगीच पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. पुढे ओढ्यावर छोटा पूल आहे आणि पुलापलीकडे डाव्या हाताला युट या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी कातळावर कोरलेली घोडेस्वारांची आणि जंगली मेंढ्यांची चित्रं. बरेच जण भराभर पुढे जातात. तुम्ही जाऊ नका, फार तर शंभर पावलांचा वळसा आहे.

मग सुरू होतो तो उघडा, तिरपा, एकसंध कातळ. इथे मळलेली पायवाट अशी नाहीच, दगडांच्या लगोऱ्या रचून दिशा दाखवलीय. आपला बसाल्ट काळा आणि पावसात शेवाळलेला, दगा देणारा. हा वाळूचा दगड कोरडा असताना बुटाला पॉलिश पेपरसारखा धरून ठेवतो. पहिली दहा मिनिटं मी सवयीने हात टेकायला खाच शोधत होते. नंतर लक्षात आलं की इथे खाच लागत नाही, फक्त तळवा पूर्ण टेकवायचा आणि वजन पुढे झुकू द्यायचं नाही. गुडघ्याला हे फार मानवलं, कारण पायऱ्या नाहीत. जाऊन-येऊन साधारण ४.८ किलोमीटर, चढ दीडशे मीटरच्या आत. अंतर थोडं आहे, पण वाटेत झाडाची सावली म्हणून नाही. उन्हाळ्यात दुपारी ही वाट धरणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, नका जाऊ.

शेवटचा टप्पा कातळात कोरलेल्या अरुंद कडेवरून जातो. उजवीकडे भिंत, डावीकडे उतार, बाई जपून चालत असते, आणि एकदम भिंत संपते. समोर दगडाची भलीमोठी परात आणि तिच्या काठावर ती कमान. सोळा मीटर उंच, एकटी, मागे ला साल डोंगरांवर नवं बर्फ. मी काही बोलू शकले नाही. लेकीने माझा हात धरला आणि आम्ही तिघं कातळावर बसलो. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, पण बराच वेळ ती तशीच हातात राहिली.

एक खरं सांगते. सकाळी कमानीची आपल्याकडची बाजू सावलीत असते. ती लालभडक, पेटल्यासारखी छायाचित्रं बघितली असतील ती मावळतीची. छायाचित्रच हवं असेल तर संध्याकाळी जा, गर्दी सोसा, उतरायला प्रत्येकाकडे विजेरी ठेवा. मला शांतता हवी होती, म्हणून माझ्यासाठी पहाटच योग्य.

दुसऱ्या दिवशी त्याच पार्कात लँडस्केप आर्च पाहिली. ९३ मीटर लांबीची, मधे इतकी बारीक की पाहताना छाती धडधडते. १९९१ साली तिच्या खालच्या बाजूचा मोठा तुकडा कोसळला, तेव्हापासून खाली जाऊ देत नाहीत. वाट सपाट, सोपी, आजी-आजोबांना चालेल. शेजारच्या कॅनियनलँड्स पार्कातल्या मेसा आर्चला सूर्योदयासाठी गेलो तर कॅमेऱ्यांच्या तिकाटण्यांची भिंत उभी होती. एक किलोमीटरभराची वाट, दृश्य अप्रतिम, पण खांद्याला खांदा लावून बघायचं. एकदा पुरे.

मोआबच्या परिसरात चालताना एक गोष्ट कृपा करून पाळा. वाटेच्या बाजूला मातीवर काळपट, खरबरीत, बुरशीसारखा थर दिसतो. ती जिवंत माती आहे. सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल मिळून वाळूचे कण धरून ठेवतात आणि त्यावरच तिथली झुडपं जगतात. एक पाऊल पडलं की तो थर भरून यायला कित्येक वर्षं जातात. कासच्या सड्यावर फुलांत शिरून छायाचित्रं काढणारे बघून माझा जीव जसा तळमळतो, तसाच तिथे एका घोळक्याला वाट सोडताना बघून तळमळला. मी त्यांना थांबवलं. ऐकलं त्यांनी.

कॅपिटल रीफला एकच दिवस होतो. हिकमन ब्रिजची वाट छोटी आणि देखणी, खाली फ्रेमाँट नदीकाठी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या वसाहतीच्या फळबागा. लाल कड्याच्या पायथ्याशी पिवळी पडलेली बाग मी आधी कुठे पाहिली नव्हती.

ब्राइस कॅनियनमध्ये गणित उलटं आहे. गाडी थेट माथ्यावर जाते, आणि गड खाली असतो. काठाची उंची साधारण २,४४० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ आठशे मीटर जास्त. हे मी घरी आकड्यात वाचलं होतं, पण ते कळलं परतीच्या चढावर. आम्ही सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनच्या वाटेने उतरलो आणि नवाहो लूपने वर आलो, मिळून साडेचार-पाच किलोमीटर. हीच दिशा बरी, उतार मंद आहे. उतरताना दोन्ही हातांना सुळकेच सुळके, केशरी, गुलाबी, पांढरे, जणू वारीतली माणसं माथ्यावर गाठोडी घेऊन उभी आहेत. वर्षातले साधारण निम्मे दिवस इथे रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. फटीत शिरलेलं पाणी बर्फ झालं की फुगतं आणि खडक तिथेच फोडतं. नदीने नाही, या गोठण्या-वितळण्याने आणि पावसाने हे कोरलंय. शेवटच्या हेअरपिन वळणांवर मला दर वळणाला थांबावं लागलं. पाय थकले नव्हते, श्वास पुरत नव्हता. आधी एक दिवस उंचीवर राहून मग हा लूप करा, आणि पहाटे गेलात तर कानटोपी विसरू नका.

झायनमध्ये सगळे एंजल्स लँडिंग या सुळक्याचं नाव घेतात. शेवटच्या साखळ्यांच्या कड्यासाठी २०२२ पासून परवाना लागतो, तो सोडतीने मिळतो. आम्ही आदल्या दिवशीच्या सोडतीत नाव घातलं, लागलं नाही. परवान्याशिवाय स्काउट लुकआउटपर्यंत जाता येतं, तिथवर गेलो. वॉल्टर्स विगल्स नावाची २१ वळणं आहेत, १९२६ साली बांधलेली, दगडी आधार देऊन एकावर एक रचलेली. बांधकामाची नजर असलेल्या माणसाने ती वळणं बघायलाच जावं. वर पोचल्यावर पुढचा कडा बघितला. दोन्ही बाजूंना दरी, मधे साखळी, आणि एकाच साखळीवर जाणारे-येणारे. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर रविवारी होणारी कोंडी आठवली. जावई म्हणाले, "आई, पुढच्या वेळी परत सोडत लावू." मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी इथे बसेन. आणि खरंच, तिथून खालची व्हर्जिन नदी आणि कॉटनवुडची पिवळीजर्द झाडं बघत मी तासभर बसले असते.

त्याच नदीत दुसऱ्या दिवशी उतरलो. द नॅरोज. सांदण दरी पाहिलेल्या प्रत्येकाने ही वाट करावी असं मला मनापासून वाटतं. तीच भावना, दोन भिंती आणि वर आकाशाची चिंधी, पण इथे भिंती काही ठिकाणी तीनशे मीटर उंच आणि वाट म्हणजे नदीचं पात्रच. शेवटच्या बसथांब्यापासून पावणेदोन किलोमीटर फरसबंद रस्ता, तो संपतो तिथे पाण्यात पाय. तळाला नारळाएवढे, कलिंगडाएवढे बुळबुळीत गोटे. काठी हवीच. आधी काठी रोवायची, मग पाय. पाणी बहुतेक ठिकाणी गुडघ्यापर्यंत, तीनदा मांडीपर्यंत आलं, आणि ऑक्टोबरअखेर ते हाडापर्यंत झोंबतं. पाणबूट, जाड रबरी मोजे आणि काठी स्प्रिंगडेल गावात भाड्याने मिळतात. आम्ही घेतलं त्या दुकानात मला एक माप मोठा बूट दिला, घाईत मी तो चालून बघितला नाही आणि टाचेला फोड आला. दुकानातच मोजे घालून, उकिडवं बसून, दहा पावलं चालून घ्या.

पुराचा इशारा मात्र हलक्यात घेऊ नका. पाऊस दहा मैलांवर पडला तरी लोंढा घळीत येतो, वर आकाश निळं असतानासुद्धा. रोज सकाळी धोक्याची पातळी जाहीर होते, ती बघूनच उतरायचं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या की उंच जागा गाठायची. नदीत विषारी शेवाळासारखे जिवाणू असतात, तिचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका.

ऑर्डरव्हिलची घळ येऊन मिळते तिथे पात्र अगदी आवळतं. मी भिंतीला हात लावला. हा दगड म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या. वाऱ्याने वाळू रचली त्या तिरप्या रेषा अजून बोटाखाली लागतात. आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. मला तो नेहमी म्हातारा वाटायचा. तिथून मागे फिरलो, कारण लेकीचे ओठ निळे पडायला लागले होते.

आईवडील सोबत असतील आणि पाण्यात उतरणं जमणार नसेल, तरी त्या फरसबंद रस्त्यावर त्यांना न्याच. हळूहळू चालत जाऊन-येऊन दोन तास, चाकाच्या खुर्चीलाही सुरुवातीचा भाग चालतो, वाटेत बसायला जागा आहेत. खारी पायाशी येतील, त्यांना खाऊ घालू देऊ नका, चावतात. आणि निघण्याआधी बसथांब्याजवळच्या नळावर बाटल्या भरून घ्या, पुढे नळ नाही.