हौदातले घरगुती दिवे: उन्हाळ्यापासून नवरात्रापर्यंतचा अनुभव

बडोद्यात नदीवर पोहायला जा असं कोणी म्हणत नाही, विश्वामित्रीत मगरी आहेत. आमचं पोहणं मामांच्या पादऱ्याकडच्या वाडीवरच्या हौदात. छातीभर बोअरचं पाणी, तेच पुढे भाजीला जातं. मे महिन्यात खरी मजा रात्रीची, पण अंधारात कोणतं पोर कुठे बुडी मारून बसलंय ते दिसत नाही. म्हणून पाण्यात दिवे हवे होते.

घरची 230 व्होल्टची वायर हौदाच्या आसपास दिसता कामा नये, असं मामींनी आधीच बजावलं होतं. तरणतलावांच्या वायरिंगचे आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतात: खुद्द पाण्यात एसी (घरच्या विजेसारखा दिशा बदलणारा) प्रवाह असेल तर 12 व्होल्ट आणि डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा) असेल तर 30 व्होल्ट, त्यावर नाही. मी 12.8 व्होल्ट, 12 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ती डब्यात, फ्यूज लावून, काठापासून लांब. चार्जिंग घरात, दिव्यांची वायर काढूनच. बॅटरी दिव्याच्याच पोटात कोंडायची कल्पना सुचत असेल तर सोडून द्या. सेल बिघडला की गॅस सोडतो आणि हवाबंद दिव्यात त्याला वाट नसते. नऊ-नऊ वॅटचे तीन दिवे हिशेबाने साडेपाच तासांहून थोडे जास्त चालायला हवेत, प्रत्यक्षात पाच धरा.

दिवे मुद्दाम दोन तऱ्हेचे केले. एक पीव्हीसी पाइपाचा: पुढे अ‍ॅक्रिलिकची चकती, ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी), मागे केबल ग्लँड (वायरीभोवती आवळायची पाणीबंद चावी), आत हवा. दुसऱ्या तऱ्हेचे दोन: अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडी, वरून पारदर्शक इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं रेझिन) ओतून ठोकळा, आणि पट्टीची पाठ थेट पाण्याला. पाइपवाला दिसायला देखणा, पण तरंगतो. 110 मिलिमीटरचा वीतभराहून लहान तुकडासुद्धा दीड लिटरच्या आसपास पाणी सारतो, म्हणजे तेवढं वजन आत भरल्याशिवाय तो तळाला बसत नाही.

आणि पाणी त्यातच शिरलं. सगळे म्हणाले, दाबाने. हौद आहे केवढा, त्यात दाब कसला! खरं कारण दिवा बंद केल्यावर सुरू होतं. आतली हवा साठ अंशांवरून तिसावर आली की तिचा दाब नऊ टक्क्यांनी उतरतो. ही ओढ जवळजवळ मीटरभर जास्तीच्या खोलीइतकी असते, आणि रोज रात्री लागते. वायर कठड्यावर घासून कुठे बारीक चीर पडली असेल तर पाणी तांब्याच्या तारांमधल्या फटींतून सरकत थेट आत पोचतं. ग्लँड कितीही आवळा. आमच्या दिव्यात आधी चकतीला आतून दव धरलं. वायर सोलली तर तांबं हिरवं पडलेलं, तेही चिरेपासून वीतभर आत.

यावर उपाय असा की आत जाणारी वायर इंचभर सोलायची, तारांमध्ये सोल्डर (डाग द्यायचा वितळवलेला धातू) पूर्ण भिनू द्यायचं आणि तो भाग इपॉक्सीत गाडायचा. सिलिकॉन वापरलंत तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते तांबं खातं. इपॉक्सीचे थर पातळ आणि थांबून थांबून ओता. एकदम ओतलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तडकतं.

दिवे आडवे, पाण्याखाली हातभर लावलेत. उभ्या रेषेशी 49 अंशांहून तिरका गेलेला उजेड पृष्ठभागावरून परत आत वळतो. त्यामुळे हौद भरून उजळतो आणि काठावर बसलेल्यांच्या डोळ्यांत काही जात नाही. पावसाळ्यात पाणी गढूळलं की मात्र नुसता पांढुरका धूसरपणा, तेव्हा दिवे असून नसल्यासारखे.

बोअरच्या क्षाराचा पांढरा थर दर महिन्याला साचतो. व्हिनेगरने निघतो. अ‍ॅक्रिलिकला थिनर लावू नका, बारीक तडे जातात.

ठोकळेवाले दोन्ही नवरात्रातही चालू होते, पण त्यांचंही सगळं गोड नाही. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडली आहे, उजेड आता जुन्या बल्बसारखा दिसतो. शिवाय आतला एखादा एलईडी गेला तर ठोकळा फेकायचाच, उघडायची सोय नाही. तरी पुढचे दोन मी याच तऱ्हेचे करतोय, फक्त वरून इपॉक्सीऐवजी साधी काच चिकटवून.