रूमसाठी स्वतःची ओळख: आधी मेसेज की थेट भेट?

नाशिकला नोकरी लागली, फ्लॅटमध्ये एक जागा रिकामी असल्याचं कळलं, नंबरही मिळाला. आता तिथल्या मुलांना स्वतःबद्दल आधी लिहून पाठवायचं की सरळ जाऊन भेटायचं? मी दोन्ही करून पाहिलंय, आणि आता आमच्या फ्लॅटमध्ये जागा रिकामी झाली की येणारे मेसेज मीच वाचतो.

बहुतेक मेसेज असे असतात: 'रूम आहे का? भाडं किती?' यावर उत्तर काय द्यायचं तेच कळत नाही, कारण समोरचा कोण आहे याचा पत्ताच नसतो. गेल्या वर्षी एक मेसेज मात्र असा आला: 'मी जळगावचा. अंबडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. थर्ड शिफ्ट म्हणजे रात्रपाळी असली की सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतो. अंडं खातो, घरात चालत नसेल तर बाहेर खाईन. महिन्यातून एकदा आई येते, एक रात्र राहते. चालेल का?' आम्ही तिघांनी बसून वाचला. आईचं तर लगेच ठरलं. झोपेचं काय करायचं यावर मात्र बराच वेळ बोलणं झालं, आणि ते तो यायच्या आधी झालं हे फार बरं झालं.

कारण माझ्या वेळी ते झालं नव्हतं. पाथर्डी फाट्याला मी थेट भेटायला गेलो होतो. चहा झाला, गप्पा जमल्या, प्रत्येक गोष्टीला दोन्हीकडून 'हो, चालेल'. थर्ड शिफ्टचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात सकाळी हॉलमधल्या कॉटवर आडवा झालो आणि किचनमध्ये मिक्सर सुरू झाला. चूक त्यांची नव्हती. त्यांची ती डब्याची वेळ. दोन महिन्यांत मी जागा सोडली. समोरासमोर अडचणीचं बोलायला जीभ रेटत नाही. लिहिताना ते सोपं जातं, आणि समोरच्यालाही नाही म्हणताना अवघडल्यासारखं होत नाही.

भेटीत जे दिसतं ते मात्र मेसेजमध्ये कधीच येणार नाही. पाणी किती वाजता येतं, एका बाथरूमवर किती जण, गाडी लावायला जागा आहे का, भांडी कोण घासतं. जायचं तर सगळे घरी असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जा. दुपारी एकटाच भेटलेला पोरगा 'ये राहायला' म्हणतो आणि बाकीच्यांना ते माहीतच नसतं.

ओळखीतून गेलात तर विश्वास लवकर बसतो, पण मधल्या माणसाच्या भिडेखातर दोघंही गप्प राहतात. तरीही स्वतःचं स्वतः लिहाच.

माझं मत सांगतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये असाल तर आधी मेसेजच. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे विद्यार्थ्यांमध्ये राहणार असाल आणि सगळ्यांच्या वेळा सारख्याच असतील, तर थेट भेट पुरते. मुलींनी आधी लिहावं, व्हिडिओ कॉलवर बोलावं आणि भेटायला कुणाला तरी सोबत न्यावं. आधारचा फोटो पहिल्या मेसेजमध्ये कुणीच पाठवू नये; तो कराराच्या वेळी द्यायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. म्हणून करारात आपलं नाव येणार का, हे भेटीतच विचारून घ्या.

जळगावचा तो मुलगा रविवारी घर बघायला आला. तोपर्यंत आम्ही किचनपासून लांबची आतली खोली त्याच्यासाठी रिकामी केली होती.